पोशाखात शरियतीचा हिस्सा किती आणि गावाचा किती? (नानीच्या पेटीवरून सुचलेला धागा)

खाडीकाठ (धागाकर्ती)

नानीच्या चाळिसाव्यानंतर आम्ही तिची पत्र्याची पेटी उघडली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीलगतच्या आमच्या गावात ती साठ वर्षांहून अधिक काळ नांदली आणि एवढी सगळी वर्षे तिने साडीच नेसली. पेटीत अकरा सुती साड्या होत्या, मनगटापर्यंत बाह्या असलेले आणि कमरेच्या बरेच खाली उतरणारे झंपर होते, पांढऱ्या मोज्यांचे दोन जोड होते आणि नमाजाची पांढरी ओढणी होती. हनुवटीखाली जिथे ती टाचणी लावत असे, तिथे ओढणीचे कापड विरून दोन बारीक भोके पडली होती. साड्यांच्या घड्या घालताना नात्यातली एक विशीतली मुलगी हळहळून म्हणाली, "नानीला बिचारीला कुणी सांगितलंच नाही, साडी आपल्यात जायज नाही म्हणून. अल्लाह माफ करो." तिच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, खरी काळजी होती, आणि म्हणूनच ते मला फार लागले. जिची फजरची, म्हणजे पहाटेची नमाज मी कधी चुकलेली पाहिली नाही, तिच्या कपड्यांसाठी क्षमा मागावी लागते, असे आमच्या पुढच्या पिढीला कधीपासून वाटू लागले?

त्यानंतरचे काही आठवडे मी या विषयावर जमेल तेवढे वाचले, जाणत्यांना विचारले. जे हाती लागले ते मांडते. चुकले असेल तिथे जाणकारांनी सुधारावे.

पहिली गोष्ट अशी की, कुरआनात कपड्याचा प्रकार सांगितलेला नाही. सूरह नूरमध्ये आधी पुरुषांना नजर खाली ठेवण्याची आणि लज्जारक्षणाची आज्ञा आहे (24:30), आणि त्याच्या पुढच्या आयतीत स्त्रियांना तीच आज्ञा देऊन ओढणी छातीवर घेण्यास सांगितले आहे (24:31). सूरह अहजाबमध्ये बाहेर पडताना जिल्बाब, म्हणजे अंगभर घ्यायचे वरचे वस्त्र, अंगावर ओढून घेण्याचा उल्लेख आहे (33:59). ओढणी आणि जिल्बाब या त्या काळच्या अरब स्त्रियांच्या घरात असलेल्याच वस्तू होत्या. त्या कशा वापराव्यात, एवढे आयतीने सांगितले. आमची नानी घराबाहेर पडताना साडीवरून मोठी पांढरी चादर घेत असे. तिला जिल्बाब हा शब्द ठाऊक नसेल, पण आयतीत सांगितलेले काम ती चादर करत होती.

दुसरी गोष्ट सतरची, म्हणजे शरीराचा जो भाग झाकणे बंधनकारक आहे त्याची. स्त्रीच्या सतरबद्दल आपल्याकडे दररोज बोलले जाते. पुरुषाला नाभीपासून गुडघ्यापर्यंत सतर आहे, हे मात्र जुम्म्याच्या बयानात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, मी क्वचितच ऐकले आहे. आमच्या गावात भातलावणीला आणि होडी ओढताना पुरुष लुंगी दुमडून मांडीवर खोचतात, मुले अर्ध्या चड्डीत फुटबॉल खेळतात, आणि त्यावर कुणी भुवई उंचावत नाही. रेशीम आणि सोने पुरुषांना वर्ज्य आणि स्त्रियांना जायज, हा नियम तर थेट हदीसमधला, म्हणजे पैगंबरांच्या वचनांतला आहे, पण लग्नात नवऱ्या मुलाच्या बोटात सोन्याची अंगठी घातली जाते तेव्हा मांडवात कुणी उठून उभे राहत नाही.

तिसरी गोष्ट तशब्बुहची. पुरुषांनी स्त्रियांची आणि स्त्रियांनी पुरुषांची नक्कल करू नये, अशी हदीस इब्न अब्बास यांच्याकडून बुखारी या हदीससंग्रहात आली आहे. माझा खरा प्रश्न इथेच आहे. कोणता कपडा पुरुषाचा आणि कोणता स्त्रीचा, हे ठरवायचे कुणी? पंजाबात सलवार दोघेही घालतात. मलय मुलुखात सारोंग दोघेही नेसतात. आमच्याकडे लुंगी पुरुषाची आणि साडी बाईची, हे कोणत्याही किताबात लिहिलेले नाही, तरी गावातल्या लहान मुलालाही ते कळते.

आणि अबाया, म्हणजे अंगभर सैल झगा, आमच्या घरात कुठून आला, तेही सांगते. 1970 च्या दशकापासून आमच्या भागातले पुरुष आखाती देशांत नोकरीला जाऊ लागले, आणि सुट्टीवर येताना त्यांच्या बॅगांत अत्तर, घड्याळे, कापड आणि काळे अबाये येऊ लागले. अबायाला माझा काडीचाही विरोध नाही. मी स्वतः प्रवासात तो घालते आणि मला तो सोयीचा वाटतो. पण तो तिथल्या लोकांचा पोशाख आहे, जशी साडी इथल्या लोकांची आहे. एका मुलखाचा रिवाज दीन, म्हणजे धर्म, म्हणून स्वीकारायचा आणि दुसऱ्या मुलखाचा रिवाज गुन्हा ठरवायचा, हे मला पटत नाही.

अभ्यासू

ताई, आपली मांडणी बहुतांशी बरोबर आहे. काही ठिकाणी बारकावे जोडतो, कारण या विषयात बारकावेच महत्त्वाचे आहेत.

कोकणी मुसलमान परंपरेने शाफई आहेत आणि महाराष्ट्रातले इतर बहुसंख्य सुन्नी हनफी आहेत; हे दोन्ही सुन्नींचे मसलक, म्हणजे धर्मनियमांच्या परंपरा. अरबी समुद्रावरच्या जुन्या व्यापारातून शाफई मसलक या किनाऱ्यावर आला, आणि माहीमचे मखदूम अली माहिमी (1372–1431) हे त्या परंपरेतले थोर विद्वान होते. या दोन मसलकांतला फरक आपल्या नानींच्या पेटीत स्पष्ट दिसतो. नमाजमध्ये स्त्रीने चेहरा आणि मनगटापर्यंतचे हात सोडून सर्व शरीर झाकावे, असे शाफई मत आहे आणि त्यात पावलेही येतात; हनफींकडे पावलांना सवलत देणारे मत प्रचलित आहे. ते पांढरे मोजे थंडीसाठी नसावेत, नमाजासाठी असावेत. तसेच, एखाद्या अवयवाचा चौथा हिस्सा तीन तसबीह (अल्लाहच्या स्तुतीचे छोटे वाक्य) म्हणण्याइतका वेळ उघडा राहिला तर हनफींच्या मते नमाज तुटते, पण शाफईंकडे थोडासा भाग उघडा पडून तो लगेच झाकला गेला नाही तरी नमाज जाते. साडीत रुकू-सजद्याच्या, म्हणजे कमरेत वाकण्याच्या आणि कपाळ टेकवण्याच्या वेळी कंबर आणि पोट उघडे पडण्याचा धोका असतो, म्हणून झंपर कमरेच्या खाली उतरवला. तो ज्या कुणा बाईने पहिल्यांदा बेतला असेल, तिला मसला, म्हणजे धर्मनियम, पक्का माहीत होता.

पुरुषाच्या सतरबाबतही फरक आहे. हनफी गुडघा सतरमध्ये धरतात, शाफई धरत नाहीत. मांडी मात्र दोन्हींकडे सतरच आहे, त्यामुळे दुमडलेल्या लुंगीबद्दल आपण जे लिहिले ते दोन्ही मसलकांना लागू पडते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. फिकहचे, म्हणजे इस्लामी धर्मनियमशास्त्राचे, एक प्रसिद्ध सूत्र आहे, 'अल्-आदतु मुहक्कमा', म्हणजे रिवाजाला निर्णायक मानले जाते. ज्या बाबतीत शरियतीने हद्द सांगितली पण आकार सांगितला नाही, तिथे आकार रिवाज सांगतो. बुखारीचे भाष्यकार इब्न हजर अस्कलानी (मृत्यू 1449), जे स्वतः शाफई होते, त्यांनी तशब्बुहच्या हदीसवर लिहिताना असा आशय मांडला आहे की, पोशाखाची ठेवण मुलखागणिक बदलते. काही लोकांत स्त्री-पुरुषांच्या कपड्यांत फरकच नसतो, तिथे स्त्रीचे वेगळेपण तिच्या झाकून घेण्याने ठरते. सहाशे वर्षांपूर्वी कैरोत बसून लिहिणाऱ्या विद्वानाला जी गोष्ट ठाऊक होती, ती आपल्या काळात विसरली जावी याचे मलाही दुःख होते.

त्याच हदीसच्या चर्चेत एक नाजूक बाब येते, ती टाळू नये. ज्याची चालण्या-बोलण्याची ढब जन्मतःच बायकी आहे आणि जो मुद्दाम तसे करत नाही, त्याच्यावर दोष नाही, असे शाफई विद्वान इमाम नववी (मृत्यू 1277) यांनी स्पष्ट लिहिले आहे. मदरशात किंवा मोहल्ल्यात अशा मुलांना जे सोसावे लागते, ते पाहिलेल्या प्रत्येकाने हे वाक्य लक्षात ठेवावे.

कृष्णाकाठ

मी मुस्लिम नाही, पण वाचल्यावर राहवले नाही. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात शेजारच्या चाची नऊवारी नेसत असत. डोक्यावरून पदर, हातात हिरव्या बांगड्या आणि गळ्यात काळ्या मण्यांचा लच्छा. माझ्या आईच्या आणि त्यांच्या साडीत लांबून काही फरक कळत नसे, तो कळे तो कपाळावरून आणि लच्छ्यावरून. एक शंका विचारतो. नऊवारीचा काष्टा मागे खोचला की ती धोतरासारखीच नेसली जाते. मग तशब्बुहच्या नियमाने त्या नेसण्याला पुरुषी म्हटले जाईल का?

अभ्यासू

आपली शंका अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारी आहे. तशब्बुह ठरवताना पाहणाऱ्या स्थानिक माणसाला काय वाटते, हे पाहायचे असते. साताऱ्याच्या बाजारात काष्टा घातलेली नऊवारी पाहून कुणालाही "हा पुरुष आहे" असे वाटणार नाही, म्हणून नक्कल हा आक्षेप तिथे उभा राहत नाही. पोटऱ्या उघड्या राहतात का, हा सतरचा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर वेगळे द्यावे लागेल. हे दोन प्रश्न एकत्र कालवले की सगळा गोंधळ होतो. "साडी हिंदूंची आहे म्हणून नको" हा तिसराच प्रश्न, इतर धर्मीयांच्या खुणा धारण करण्याबद्दलचा; आणि जो कपडा एखाद्या प्रदेशात सर्व धर्मांच्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या वापरतात, तो कुण्या एका धर्माची खूण उरत नाही. बंगालमधल्या कोट्यवधी मुस्लिम स्त्रियांची साडी याच न्यायाने जायज आहे.

खुलताबाद रस्ता

पुरुषांच्या रेशमाचा विषय निघाला आहे, तर आमच्या गावचे सांगितल्याशिवाय राहवत नाही. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुन्या औरंगाबादच्या हिमरूची परंपरा मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा आलेल्या विणकरांशी जोडली जाते. हिमरूत उभा धागा सुती असतो आणि आडव्या धाग्याने रेशमी वेलबुट्टी उठवलेली असते. त्याचाच भाऊबंद म्हणजे मशरू, जो गुजरातेत पाटण आणि मांडवीकडेही विणला जातो. मशरूत रेशमाचा ताणा (उभा धागा) आणि सुताचा बाणा (आडवा धागा) अशा रीतीने बसवतात की कापडाच्या दर्शनी बाजूला रेशमाची झळाळी येते आणि अंगाला लागते ते सूत. मशरू या शब्दाचा अर्थच शरियतीने मान्य केलेले असा आहे. ज्या कापडाचा ताणा रेशमी पण बाणा सुती, ते पुरुषाला चालते, असा हनफी मसला आहे. कारण कापड बाण्याने पुरे होते. शाफई वजन पाहतात: रेशीम जास्त भरले तर नको. कायद्याची अशी एक ओळ मागावर येऊन बसली आणि तिच्यातून एक कापड जन्माला आले, याचा मला अभिमान वाटतो.

माझ्या आजोबांची हिमरूची शेरवानी आमच्याकडे आहे. कॉलरच्या आतल्या बाजूला अस्तर घासून पांढरे पडले आहे, पण बाहेरच्या बुट्ट्या अजून तशाच आहेत. ते ती वर्षातून दोनदा, दोन्ही ईदला घालत आणि घालण्याआधी अस्तर नीट आहे ना, हे हात फिरवून पाहत.

खरुजेच्या त्रासामुळे अब्दुर्रहमान बिन औफ आणि जुबैर या साथीदारांना पैगंबरांनी रेशमाची सवलत दिली होती, आणि चार बोटांएवढ्या रेशमी काठाला परवानगी आहे, या दोन्ही गोष्टी हदीसमध्ये आहेत. म्हणजे मनाई आहे, पण माणसाच्या गरजेकडे डोळेझाक नाही. आजचे बहुतेक हिमरू कृत्रिम रेशमाचे असते. किड्याच्या रेशमाचा हुकूम त्याला लागत नाही, असे आमच्याकडचे उलेमा सांगतात.

सत्यशोधनी

मी या धाग्याशी काही अंशी असहमत आहे, तरी आदर राखून लिहिते. मी स्वतः अबाया आणि निकाब (चेहरा झाकणारा पडदा) वापरते, आणि तो माझ्यावर कुणी लादलेला नाही. नानींच्या काळची साडी लांब बाह्यांच्या झंपरासह आणि चादरीसह होती, हे मान्य. पण आज "साडी आपलीच आहे" असे म्हणणाऱ्या कितीजणी तो झंपर घालतात? उघडी पाठ, तोकडे ब्लाउज आणि जाळीचा पदर यांना नानींचे नाव देऊन जायज ठरवणे योग्य नाही. शिवाय रिवाज सोयीने बदलतो, म्हणून हद्द घट्ट धरणारा एक कपडा निवडला, तर त्यात चुकण्याचा धोका कमी राहतो. त्या मुलीच्या तोंडचे शब्द कठोर होते, पण तिच्या मनातली भीती मी ओळखते. ती भीती अल्लाहची आहे, शेजाऱ्यांची नाही.

खाडीकाठ (धागाकर्ती)

ताई, आपण मनापासून लिहिलेत, त्यामुळे मीही तसेच उत्तर देते. उघड्या पाठीच्या साडीबद्दल आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि मी नानीचे नाव त्यासाठी वापरलेले नाही. आपला निकाबही मला तितकाच मान्य आहे. निकाब घालणाऱ्या बाईला कुणी मागासलेली म्हटले तर मी तिच्या बाजूने भांडेन, आणि शाळा-कॉलेजच्या दारात मुलींना ओढणी उतरवायला लावणे हा मला उघड अन्याय वाटतो. कर्नाटकातल्या हिजाबबंदीच्या खटल्यात 13 ऑक्टोबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते विरुद्ध पडली, आणि त्या प्रश्नावर स्वतंत्र धागा व्हायला हवा.

मात्र एक गोष्ट आपण लक्षात घ्यावी. हजला गेलेली स्त्री इहराममध्ये, म्हणजे हजच्या विधींसाठीच्या पवित्र अवस्थेत, आपल्या नेहमीच्या शिवलेल्या कपड्यांतच असते, आणि त्या अवस्थेत निकाब व हातमोजे घालू नयेत, अशी हदीस आहे. पुरुषाचे शिवलेले कपडे मात्र तिथे उतरतात आणि जगभरच्या पुरुषांना दोन पांढऱ्या चादरी नेसाव्या लागतात. म्हणजे काबागृहासमोर एकाच ठरावीक पोशाखात येण्याचे बंधन पुरुषावर आहे. नानी 1994 साली हजला गेली तेव्हा साडी-झंपरातच तवाफ (काब्याभोवतीच्या फेऱ्या) करून आली, तिला तिथे कुणी अडवले नाही.

घोट्याखाली लोंबणाऱ्या कपड्याचेही असेच. पुरुषांना मनाई झाली तेव्हा पैगंबरांच्या पत्नी उम्मे सलमा यांनी विचारले की मग बायकांनी काय करावे? एक वीत खाली सोडा, असे उत्तर मिळाले. त्यांनी पुन्हा विचारले, तेवढ्याने पाय उघडे पडतात, तेव्हा एक हात खाली सोडण्याची परवानगी मिळाली. या हदीसमधली बाई दोनदा प्रश्न विचारते आणि दोन्ही वेळा तिला उत्तर मिळते. आमच्या मुलींना एकदा विचारण्याचीही मोकळीक नसते, आणि माझी तक्रार आहे ती एवढीच.

सुईदोरा

मी पंचवीस वर्षे शिवणकाम करतो, त्यातले दोन शब्द. माझ्याकडे तबलीगला (धर्मप्रबोधनाच्या दौऱ्यांना) जाणारी मुले येतात आणि पँट घोट्याच्या दोन बोटे वर शिवून मागतात. त्यांचे मी मनापासून कौतुक करतो, कारण ते आपल्या वाट्याचा नियम पाळतात. त्यांच्यातल्याच एकाने बहिणीचा कुर्ता आणून "कॉलर आणि पुढची बटणपट्टी काढा, ती मर्दानी दिसते" असे सांगितले. मी त्याला दाखवले की पट्टी उजवी डावीवर आहे, म्हणजे जनानी आहे; त्याच्या स्वतःच्या शर्टाची डावी उजवीवर आहे. त्याला हा फरक माहीतच नव्हता. शिंप्याच्या दुकानात मर्दानी आणि जनानी या गोष्टी छातीच्या टक्सने, पट्टीच्या बाजूने आणि घेराने ठरतात. हीच पट्टी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी आपल्याकडे नव्हती. ती आली, रुळली, आणि आता तिच्यावरून नक्कल ठरवली जाते. अभ्यासू यांनी रिवाजाबद्दल लिहिले ते मला रोज कात्रीखाली दिसते.

ताई, एक विनंती आहे. नानींच्या त्या झंपराचे माप आणि बेत मिळेल का? माझ्याकडे दोन वयस्कर गिऱ्हाइके आहेत, ज्यांना साडी सोडायची नाही आणि नमाजात पोट उघडे पडते म्हणून त्या कष्टी असतात. तयार ब्लाउजमध्ये ती उंची मिळत नाही.

अभ्यासू

मुलांच्या कपड्यांबद्दल कुणी विचारलेले नाही, पण ईद जवळ आली की घरोघरी वाद होतो म्हणून लिहितो. लहान मुलाला रेशमी कपडे घालण्यास शाफई परवानगी देतात. हनफींकडे ते मकरूह (नापसंत) आहे आणि दोष घालणाऱ्या मोठ्या माणसावर जातो. पुरुषाच्या चांदीच्या अंगठीचेही तसेच: हनफींकडे ती एका मिस्कालपेक्षा, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅमपेक्षा कमी असावी, तर शाफईंकडे तेही रिवाजावर सोपवलेले आहे. कोकणी घरातली मुलगी हनफी घरात गेली की या गोष्टींवरून गैरसमज होतात, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

खाडीकाठ (धागाकर्ती)

सुईदोरा भाऊ, आज दुपारी झंपर जमिनीवर पसरून मोजला. खांद्यापासून खालपर्यंत उंची पंचवीस इंच आहे. बाही बावीस इंच आणि मनगटाशी एक बटण. बगलेत दोन्हीकडे अडीच इंचांचा चौकोनी जोड आहे, त्यामुळे तकबीरला, म्हणजे नमाजात 'अल्लाहु अकबर' म्हणताना, हात वर केले तरी झंपर वर सरकत नाही. बाजूला कंबरेपासून खाली चार इंचांची चीर ठेवली आहे, म्हणजे बसताना कापड ताणले जाऊ नये. गळा पुढून बंद आहे आणि बटणे मागे आहेत. खालच्या काठाला आतून दुहेरी दुमड आहे, बहुधा वजनाने तो खाली राहावा म्हणून. कापड साधे लठ्ठ्याचे आहे. मोजपट्टी धरायला ती नात्यातलीच मुलगी बसली होती. बगलेतला जोड कशासाठी आहे, हे तिनेच हात वर करून शोधून काढले. सरळ आणि उलट अशा दोन्ही बाजूंचे फोटो संध्याकाळी व्यक्तिगत निरोपातून पाठवते.